निऱ्यांवरचा पिवळा चौकोन

भावाकडे दोन महिने राहून आई अमेरिकेतून परत निघाली तेव्हा मी तिच्यासोबत होते. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत घड्याळ, पर्स, चपला, शाल सगळं ट्रेमध्ये गेलं. मंगळसूत्र मात्र तिने काढलं नाही. मग काचेच्या गोल कपाटासारख्या एका यंत्रात तिला उभं केलं. खाली पावलांची चित्रं रंगवलेली होती, त्यावर पाय ठेवायचे आणि हात डोक्याच्या वर धरायचे. दोन उभे खांब तिच्याभोवती अर्धवट फिरले आणि थांबले. सगळं मिळून दीड-दोन सेकंद.

बाहेरच्या पडद्यावर एक आकृती आली, लहान मूल काढतं तशी: गोल डोकं, हात-पाय, बाकी काही नाही. त्या आकृतीवर दोन पिवळे चौकोन होते. एक गळ्याशी. तो मंगळसूत्राचा, हे आम्हा दोघींनाही कळलं. दुसरा पोटावर, बरोबर निऱ्या खोचतात तिथे. एक महिला अधिकारी पुढे आली. तिने कुठे हात लावणार ते आधी सांगितलं, हाताच्या पाठीने चाचपलं आणि जायला सांगितलं.

विमान वर गेल्यावर आईने हळूच विचारलं, "त्या यंत्रात त्यांना माझं काय काय दिसलं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी ते शोधायला बसले आणि त्यात पुरती गुंतले. त्या एका प्रश्नाच्या पोटात लहरींचं शास्त्र आहे, दहशतवादाचा इतिहास आहे, एक गाजलेला खटला आहे, आणि माणसाला सुचलेली एक फार सुंदर युक्तीही आहे.

आधी लहरींचं. कापड आपल्याला झाकतं ते प्रकाशापुरतं. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही लहान असते. तिच्यापुढे सुताचा एकेक धागा म्हणजे झाडाचा बुंधा, त्यावर ती आपटते आणि मागे फिरते. त्या काचेच्या यंत्रातली लहर याच कुळातली, पण सेंटीमीटरभर लांब. तिची वारंवारता २४ ते ३० गिगाहर्ट्झच्या दरम्यान असते. (या लहरींना सरसकट मिलिमीटर लहरी म्हणतात, प्रत्यक्षात इथे त्या दहा-बारा मिलिमीटरच्या असतात. आपल्याकडे २०२२ साली फाइव्ह-जीसाठी ज्या पट्ट्यांचा लिलाव झाला, त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. म्हणजे ही मंडळी आपल्या शेजारचीच.) समुद्राची लाट कोळ्यांच्या जाळ्यातून निघून जाते तशी ही लहर कोरड्या सुती, रेशमी किंवा लोकरी कापडातून जाते. तिच्या दृष्टीने कापड जवळजवळ नाहीच.

आणि मग ती त्वचेपाशी पोचते. त्वचेत भरपूर पाणी असतं आणि पाणी या लहरींना पुढे जाऊ देत नाही. जेमतेम मिलिमीटरभर आत शिरून तिथे तिचा प्रवास संपतो, बरीचशी लहर परत फिरते. क्ष-किरणांसारखं हाडं, काळीज, पोटातलं बाळ असं काहीही तिला दिसू शकत नाही. साडी तिला अडवत नाही आणि कातडी तिला ओलांडता येत नाही. या दोहोंच्या मध्ये जे काही असेल ते तिला सापडतं: धातूवरून ती जोरात परतते, प्लॅस्टिक किंवा मेणासारख्या पदार्थावरून वेगळ्या तऱ्हेने.

परतलेल्या लहरींचं चित्र कसं होतं, हा भाग वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबत होते. यात कॅमेऱ्यासारखं भिंग नाही. खांबांवर ओळीने बसवलेले बारीक अँटेना दोनच गोष्टी टिपतात: परत आलेली लहर किती जोराची आहे, आणि पोचली तेव्हा ती माथ्यावर होती की पायथ्याशी. ही दुसरी नोंद फार मोलाची. सेंटीमीटरभराच्या लहरीचा चढ-उतार ठाऊक असला की ती कुठल्या अंतरावरून आली हे मिलिमीटरांच्या हिशोबात कळतं. वेगवेगळ्या जागांवरून केलेल्या अशा असंख्य नोंदी संगणक उलट्या दिशेने सोडवतो आणि शून्यातून शरीराची त्रिमितीय मूर्ती उभी राहते. लहरीची उंची आणि तिची अवस्था दोन्ही जपली तर वस्तू पुन्हा उभी करता येते, ही कल्पना डेनिस गॅबॉर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाला १९४७ साली इंग्लंडमध्ये सुचली. तो तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारायच्या खटपटीत होता. तिला होलोग्राफी म्हणतात, आणि तिच्यासाठी त्याला १९७१ चं नोबेल मिळालं. आपली आई एका होलोग्राममध्ये उभी होती, हे कळल्यावर मला तिला लगेच फोन करावासा वाटला.

ही कल्पना विमानतळावर आणली ती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात रिचलँड इथे असलेल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने. डेव्हिड शीन, डग्लस मॅकमॅकिन आणि थॉमस हॉल या तिघांनी नागरी विमान वाहतूक खात्याच्या पैशावर यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा मुख्य निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. त्याच तंत्रावर अमेरिकेतल्या मॉलमध्ये एक वेगळं यंत्रही बसलं होतं: आत उभं राहायचं, लहरी अंगाची मापं घेणार आणि तुम्हाला कुठली जीन्स नीट बसेल ते सांगणार. दहशतवादी शोधणारी लहर शिंप्याचं कामही करत होती.

पण एवढा खटाटोप कशाला, जुनी मेटल डिटेक्टरची चौकट होती ना? होती, आणि तिने मोठं काम केलं. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत सव्वाशेहून जास्त विमानांचं अपहरण झालं. नोव्हेंबर १९७२ मध्ये अपहरणकर्त्यांनी एक विमान ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली, आणि दोन महिन्यांनी, ५ जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. चौकटीतून जाताना तिचं चुंबकीय क्षेत्र धातूत क्षणभर वीज उमटवतं, ती वीज चौकटीला जाणवते आणि चौकट वाजते. पिस्तूल आणि चाकू यांच्यासाठी हे पुरेसं होतं. पुढचा शत्रू धातूचा नव्हता.

२५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब हा तरुण अंतर्वस्त्रात शिवलेली पीईटीएन नावाची स्फोटक पूड घेऊन बसला होता. उतरायच्या वेळी त्याने ती पेटवली. आग लागली, स्फोट झाला नाही, आणि प्रवाशांनीच त्याला पकडलं. विमानात तीनशेच्या आसपास माणसं होती. पीईटीएनपुढे चौकट मुकी असते. त्या पुडीची वाफ इतकी विरळ की वासावरून ओळखणंही अवघड. मग अमेरिकेने घाईघाईने शेकडो शरीर-स्कॅनर बसवायला घेतले.

यंत्रं दोन जातींची होती. एक मिलिमीटर लहरींची, आईने पाहिली ती. दुसरी मंद क्ष-किरणांची. हे क्ष-किरण अंगातून आरपार जात नसत, अंगावरून विखरून परत येत. त्यांची मात्रा विमान उंचावर असताना काही मिनिटांत आपल्याला आपोआप मिळते तेवढीच. तरीही लोक बिथरले, आणि त्यांच्या संतापाचं मोठं कारण किरणं नव्हती. कारण होतं चित्र. दोन्ही यंत्रं तेव्हा खरं चित्र दाखवत: करड्या रंगाची, चेहरा पुसट केलेली, बाकी सगळी वळणं स्पष्ट असलेली मानवी आकृती. दूरच्या बंद खोलीत बसलेला अधिकारी ती पाहायचा. तो प्रवाशाला कधी पाहत नसे, प्रवासी त्याला पाहत नसे. व्यवस्था नीट विचार करून केलेली होती. तरी ज्याला ज्याला ते चित्र कळलं त्याच्या मनात एकच गोष्ट आली: वस्त्राला हात न लावता केलेलं हे वस्त्रहरण आहे. मला ही भावना अवास्तव वाटत नाही. कोणी पाहिलं हे माहीत नसणं, हा काही दिलासा नसतो.

चित्रं साठवली जात नाहीत, असं सरकार सांगत होतं. २०१० साली उघड झालं की फ्लॉरिडातल्या ऑर्लँडो शहरातल्या एका न्यायालयाच्या दारात बसवलेल्या अशाच एका यंत्रात सुमारे ३५,००० चित्रं साठलेली आहेत. ते यंत्र विमानतळाचं नव्हतं आणि ती चित्रं अस्पष्ट होती. पण लोकांना जे समजायचं ते समजलं: यंत्राला साठवता येतं, आणि न साठवणं ही फक्त कोणाची तरी मर्जी आहे.

'एपिक' ही खासगीपणासाठी लढणारी संस्था न्यायालयात गेली. १५ जुलै २०११ रोजी राजधानी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. स्कॅनर घटनाबाह्य नाहीत, कारण विमानातल्या सगळ्यांचा जीव हा मोठा प्रश्न आहे आणि स्कॅनर नाकारून हाताने तपासणी करून घ्यायची सोय प्रवाशाला आहे. मात्र इतका मोठा निर्णय घेताना लोकांची मतं मागवायला हवी होती, ती सरकारने मागवली नाहीत, ती आता मागवावीत. माझ्या मते दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि मग ती सुंदर युक्ती आली. ती युक्ती अशी की चित्र माणसाने पाहायचंच नाही. यंत्र लहरी टिपेल, आतल्या आत मूर्ती उभी करेल, आतच तपासेल, जिथे त्वचेसारखं वाटत नाही तेवढी जागा एका बाहुलीवर खूण करून दाखवेल आणि मूर्ती टाकून देईल. बाहुली सगळ्यांसाठी तीच. आजीसाठी, पैलवानासाठी, गर्भार बाईसाठी. माहितीचा पर्वत आत आणि बाहेर फक्त एक पिवळा चौकोन, किंवा काहीच नसेल तर हिरवा पडदा. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर हा मार्ग आधीच वापरात होता. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला: शरीराचं खरं चित्र दाखवणारं यंत्र विमानतळावर राहणार नाही. मिलिमीटर लहरींच्या यंत्रांना नवी प्रणाली बसली. क्ष-किरणांच्या यंत्रांच्या उत्पादकाला ती मुदतीत जमली नाही. अशी सुमारे २५० यंत्रं २०१३ च्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या विमानतळांवरून हटवली गेली. त्याआधी, २०११ च्या नोव्हेंबरमध्येच, युरोपीय संघानेही क्ष-किरणांची यंत्रं विमानतळांवर वापरायला मनाई केली होती.

सुरक्षा आणि खासगीपणा म्हणजे तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली जायचंच, असं आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरं वाटू लागतं. इथे तसं झालं नाही. चित्र दाखवायची मनाई झाली आणि तपासणी चालूच राहिली. उलट दूरच्या खोलीतला माणूस मोकळा झाला. लोकांनी आरडाओरडा केला नसता तर ही युक्ती कोणाला निकडीची वाटली नसती.

आता निऱ्या. बाहुली शरीर झाकते, पण चुका झाकत नाही. यंत्राला 'त्वचेवर सपाट कोरडं कापड' एवढंच नेहमीचं वाटतं. सहावारी साडीच्या सहा-सात निऱ्या एकावर एक घडी होऊन परकराच्या नाडीत खोचलेल्या असतात, वर पिन, शेजारी पदराचं टोक. लहरीच्या वाटेत ते एक जाड गाठोडं होऊन येतं. जर्मनीने २०१० आणि २०११ मध्ये हॅम्बुर्गच्या विमानतळावर आठ लाखांच्या आसपास प्रवाशांवर चाचणी घेतली. घड्या, कपड्यांचे थर, घाम यांनी इतके खोटे इशारे मिळाले की त्यांनी सगळीकडे यंत्रं बसवायचा विचार तेव्हा बाजूला ठेवला. पगडी, दाट वेण्या, लंगोट बांधलेले आजारी वृद्ध, कृत्रिम अवयव, सगळ्यांवर चौकोन उमटतात.

याहून जिव्हारी लागणारी एक गोष्ट होती. यंत्र चालवणारा अधिकारी दर वेळी एक बटण दाबायचा: निळं किंवा गुलाबी. प्रवासी पुरुष की बाई, हे त्याने नुसतं बघून ठरवायचं आणि यंत्राने त्या साच्याशी शरीर ताडून पाहायचं. पारलिंगी प्रवाशांच्या नेमक्या नको त्या जागी खूण उमटायची आणि मग सगळ्यांदेखत चाचपणी. जे यंत्र कोणाचं गुपित सांगू नये म्हणून घडवलं होतं, ते यांचं गुपित रांगेत उघडं करत होतं. २०२३ मध्ये अमेरिकेने लिंग न विचारणारी नवी प्रणाली बसवली. यंत्र नवं घ्यावं लागलं नाही, आतलं गणित बदललं. म्हणजे ते आधीही शक्य होतं.

यंत्रांवर आंधळा विश्वासही नको. २०१५ साली अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्याच चाचणी पथकांनी नकली शस्त्रं आणि नकली स्फोटकं घेऊन ७० वेळा तपासणी ओलांडायचा प्रयत्न केला आणि ६७ वेळा ते सफल झाले. हे बाहेर आल्यावर तपासणी यंत्रणेच्या प्रभारी प्रमुखांना हटवण्यात आलं. आणि काही हल्ले तर प्रवाशांच्या रांगेतून येतच नाहीत. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत उभं असताना हल्लेखोर सुरक्षारक्षकांच्या वेषात गाडी घेऊन थेट विमानापाशी आले. त्या विमानातली हवाईसुंदरी नीरजा भनोत हिने प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. त्या दिवशी कुठल्याही स्कॅनरने काही थांबवलं नसतं.

म्हणून मला ते उपाय अधिक भावतात ज्यांना कोणाच्याही अंगाकडे बघावं लागत नाही. २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान माँट्रियलहून लंडन, दिल्लीमार्गे मुंबईला येत होतं. आयर्लंडजवळ समुद्रावर ते फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता, आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. ती बॅग माँट्रियलच्या आधी टोरंटोला चढवली गेली होती. तिथे क्ष-किरण यंत्र बंद पडलं होतं, उरलेल्या बॅगा हातातल्या एका उपकरणाने हुंगून सोडल्या गेल्या. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही जाणार नाही, हा आजचा नियम किती साधा आहे. तो पाळायला फक्त दोन याद्या जुळवाव्या लागतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर मजबूत केलेला आणि आतून बंद राहणारा कॉकपिटचा दरवाजाही असाच. तो कोणाला काही विचारत नाही. त्याने जेवढं संरक्षण दिलं तेवढं फार थोड्या यंत्रांनी दिलं असेल, असं माझं मत आहे.

कनिष्कनंतर, १९८७ मध्ये, आपला नागरी विमान सुरक्षा विभाग स्वतंत्र झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या आयसी-८१४ या विमानाचं अपहरण झालं आणि पुढच्याच वर्षापासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागले. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी चौकट, हातातला डिटेक्टर आणि बायकांसाठी पडद्याआड महिला जवान, हीच पद्धत आहे. पण दुसरं एक यंत्र आपल्या दारात फार वेगाने आलं: चेहरा ओळखणारं. त्यावर चालणारी डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली, पुढच्या काही महिन्यांत पुण्यालाही आली. तिच्या रचनेत त्या बाहुलीसारखाच चांगला विचार आहे: चेहऱ्याची माहिती प्रवाशाच्या फोनमध्ये राहते, प्रवासापुरती विमानतळाला मिळते आणि विमान सुटल्यावर २४ तासांत पुसली जाते, असं तिचं धोरण सांगतं.

तरी दोन्हींत एक मोठा फरक आहे. स्कॅनर विचारतो, 'तुमच्याजवळ काय आहे?' उत्तर मिळालं की तो तुम्हाला पूर्ण विसरू शकतो. चेहरा ओळखणारं यंत्र विचारतं, 'तुम्ही कोण?' त्याला आधीची काहीतरी आठवण लागतेच. विसरणं हा त्याचा स्वभाव नाही, ते त्याच्याकडून करवून घ्यावं लागतं. आणि करवून घेतलं जातंय की नाही हे बाहेरच्या कोणीतरी तपासावं लागतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. डिजियात्रा चालवणारी संस्था मात्र सरकारी खातं नाही, ती कंपनी म्हणून नोंदलेली आहे. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा पाच विमानतळांच्या कंपन्यांचा. ऑर्लँडोच्या त्या ३५,००० चित्रांचं जे झालं ते आठवलं, की तिच्यावर स्वतंत्र देखरेख हवी आणि तिचे अहवाल लोकांसमोर यायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं.

आईला मी उत्तर दिलं: यंत्राला तू क्षणभर दिसलीस, माणसाला कोणालाही नाही, आणि यंत्र तुला विसरलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग ठीक आहे. पण हे आधी सांगायला काय हरकत होती?"

तिच्यासारख्या प्रवासाला निघालेल्या सगळ्यांसाठी म्हणून हे लिहून ठेवते. अमेरिकेत आणि युरोपात स्कॅनरऐवजी हाताने तपासणी मागता येते. अमेरिकेत ती बंद खोलीत, आपल्या माणसाला सोबत घेऊन करा असंही सांगता येतं. आणि आपल्याकडे डिजियात्रा ऐच्छिक आहे. ओळखपत्र आणि बोर्डिंग पास दाखवून आत जायचा जुना मार्ग खुला आहे. प्रवेशद्वारावर कोणी न विचारता कॅमेरा तुमच्या चेहऱ्याकडे वळवला, तर थांबा आणि तो कशासाठी हे विचारा.